हलक्या तोफेचे ओझे

तोफेचा इतिहास बहुधा तिच्या आवाजावरून, तिच्या पल्ल्यावरून आणि तिने पाडलेल्या तटांवरून सांगितला जातो. परंतु ज्यांनी तोफा प्रत्यक्ष ओढल्या त्यांना विचारले, तर ते हा इतिहास निराळ्या मापाने सांगतील. ते माप म्हणजे वजन. तोफ किती दूर मारते हा सेनापतीचा प्रश्न; ती संध्याकाळपर्यंत पुढच्या मुक्कामाला पोहोचेल काय, हा गोलंदाजाचा आणि गाडीवानाचा प्रश्न. अनेक लढायांचा निकाल या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर लागलेला आहे.

मराठी माणसाला याचे उदाहरण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी आणि तोफांनी सकाळच्या प्रहरी रोहिल्यांच्या फळीची भयंकर हानी केली. परंतु या तोफा जड होत्या. एकदा मोर्चावर मांडल्या की लढाई चालू असता त्यांची जागा बदलणे दुरापास्त होते. अबदालीपाशी मात्र उंटांच्या पाठीवरून डागावयाची जंबूरके होती. एकेका जंबूरकाचा गोळा लहान. पण तो हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या घटकेला जाऊन पडू शकत होता. दुपारनंतर लढाईचे पारडे फिरले. त्याची कारणे अनेक आहेत. तरी या चालत्या तोफखान्याचा मारा त्यांतील एक प्रमुख कारण मानला जातो.

तर मग तोफा हलक्या का करू नयेत, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर कोणा सेनापतीच्या हाती नाही, निसर्गाच्या नियमात आहे. गोळा ज्या जोराने पुढे जातो, त्याच जोराने तोफ मागे जाऊ पाहते. जड तोफ आपल्या वजनानेच हा धक्का पचविते. हलकी तोफ उसळते, मागे घसरते, प्रसंगी उलटते. आणि तिच्याजवळ उभी असलेली माणसे तिच्या तडाख्यात सापडतात. म्हणून हलकी तोफ म्हटली की ती लहान गोळ्याची असावयाची, हा कित्येक शतकांचा नियम होता.

डोंगरात लढणाऱ्या सैन्याला या नियमाचा जाच सर्वांत अधिक. भारतीय तोफखान्याची परंपरा ज्या तुकडीपासून मोजली जाते ती ५ वी बॉम्बे माउंटन बॅटरी २८ सप्टेंबर १८२७ रोजी उभी राहिली, आणि तिच्या नावातच डोंगर आहे. आजही २८ सप्टेंबर हा दिवस भारतीय गोलंदाज आपला दिन म्हणून पाळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या डोंगरी तुकड्यांच्या हाती आलेली तोफ मोठी युक्तीची होती. तिच्या नळीचे दोन तुकडे करून ते दोन खेचरांवर लादीत, आणि लढाईच्या जागी पोहोचल्यावर स्क्रू पिळावा तसे पिळून एकत्र जोडीत. गोळा अवघा तीन ते चार किलोंचा. परंतु जेथे चाक जात नाही तेथे ती जात असे. १८८० च्या ऑगस्टमध्ये जनरल रॉबर्ट्‌स याने काबूलहून कंदाहारपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरांची मजल तीन आठवड्यांत मारली, तेव्हा त्याने चाकांवरच्या तोफा मुळीच बरोबर घेतल्या नाहीत. केवळ डोंगरी तोफा घेतल्या.

पुढे १९१७ मध्ये ३.७ इंची डोंगरी हॉवित्झर आली. आठ खेचरांवर तिचे भाग लादले जात आणि तिचा गोळा सुमारे ९ किलोंचा असे. ब्रह्मदेशाच्या जंगलात आणि नंतर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात या जातीच्या तोफांनी काम केले. खेचर, हवालदार आणि तोफेचा एकेक सुटा भाग अशी ती रांग भारतीय सैन्याच्या आठवणीत खोल रुजलेली आहे. पण शत्रू दगडी मोर्चात बसला असेल तर ९ किलोंच्या गोळ्याचे त्याच्यापुढे फारसे चालत नाही. जी तोफ तेथे पोहोचते तिचा घाव हलका, आणि जिचा घाव भारी ती तेथे पोहोचत नाही, अशी ही अडचण होती.

१९८२ मध्ये दक्षिण अटलांटिकातील फॉकलंड बेटांवर एक नवी वाट दिसली. ब्रिटिश सैन्याने १०५ मिलिमीटरच्या ३० हलक्या तोफा तेथे उतरविल्या आणि हेलिकॉप्टरखाली टांगून त्या टेकडीवरून टेकडीवर हलविल्या. रस्ते नसलेल्या त्या दलदलीत दुसरा उपायच नव्हता. खेचराची जागा हेलिकॉप्टरने घेतली होती. परंतु त्या ओल्या, मऊ जमिनीत गोळा सुटला की तोफ मागे घसरे, आणि गोलंदाजांना ती पुन्हापुन्हा जागेवर आणावी लागे. निसर्गाचा जुना नियम नव्या वाहनाने रद्द झाला नव्हता.

भारताला या प्रश्नाची धार १९९९ च्या उन्हाळ्यात जाणवली. कारगिल आणि द्रासच्या शिखरांवर घुसखोर ठाण मांडून बसले होते आणि खालून श्रीनगर-लेह रस्ता जात होता. १९८६ मध्ये स्वीडनकडून ४१० बोफोर्स तोफा घेण्याचा करार झाला होता, आणि त्यावरून उठलेल्या वादळाने देशाचे राजकारण ढवळून निघाले होते. त्याच तोफांनी या युद्धात आपले काम चोख बजावले. १५५ मिलिमीटरचा, चाळीस किलोंहून जड गोळा दगडी मोर्चे फोडीत होता. तोलोलिंग आणि टायगर हिल जिंकणाऱ्या पायदळाने या माऱ्याचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. त्या युद्धात भारतीय तोफखान्याने तोफगोळे, उखळी तोफांचे गोळे आणि अग्निबाण मिळून अडीच लाखांहून अधिक अस्त्रे डागली.

पण बोफोर्स तोफेचे वजन जवळजवळ १२ टन. रस्ता जेथवर नेईल तेथवरच ती जाणार. रस्त्याकडेच्या ज्या सपाट तुकड्यांवर ती मांडता येत होती, ते तुकडे शिखरावर बसलेल्या शत्रूला दिसत होते, आणि तेथे त्याच्या तोफांचे गोळे येऊन पडत होते. द्रासमध्ये सुदैवाने रस्ता लढाईच्या अगदी पायथ्याशी होता. हिमालयाच्या ज्या खोऱ्यांत असा रस्ता नाही तेथे काय करावयाचे, हा प्रश्न त्या विजयानंतरही मागे उरला.

या प्रश्नाला जे उत्तर पुढे मिळाले त्याचा आरंभ हिमालयापासून फार दूर, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील बॅरो-इन-फर्नेस या गावी झाला. हे गाव गोदीचे. अण्वस्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्या बांधणाऱ्या विकर्स कंपनीच्या अभियंत्यांनी १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, सरकारी मागणीची वाट न पाहता, एक धाडसी कल्पना हाती घेतली. १५५ मिलिमीटरची पूर्ण ताकदीची हॉवित्झर घ्यावयाची, पण तिचे वजन इतके उतरवावयाचे की ती मध्यम हेलिकॉप्टरलाही उचलता यावी. त्या वेळी अमेरिकी सैन्यात असलेल्या त्याच व्यासाच्या तोफेचे वजन सात टनांहून अधिक होते. बॅरोची तोफ सुमारे ४,२०० किलोंची झाली. १९९७ मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाने आणि भूदलाने तिची निवड केली; पुढे विकर्सचा हा कारभार बीएई सिस्टिम्सकडे गेला; आणि २००५ पासून एम ७७७ या नावाने तिचे पूर्ण प्रमाणावर उत्पादन सुरू झाले.

हे वजन उतरले कसे? पहिले उत्तर टायटॅनियम. हा धातू ताकदीला पोलादाच्या बरोबरीचा आणि वजनाला पोलादाच्या निम्म्याहून थोडा अधिक. नळी पोलादीच राहिली, कारण तेथील उष्णता आणि दाब पोलादानेच सोसावयाचा; पण पाय, पाळणा आणि सांगाडा टायटॅनियमचा झाला. हा धातू महाग, आणि हाताळावयास हट्टी. तापला की हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून घेऊन तो ठिसूळ बनतो. म्हणून त्याचा सांधा निष्क्रिय वायूच्या आवरणाखाली जोडावा लागतो.

परंतु धातू बदलल्याने धक्का कमी होत नाही. उलट तो अधिक जाणवतो. येथे थोडे गणित उपयोगी पडेल. या तोफेचा ४३ किलोंचा गोळा पूर्ण ताकदीच्या बारुदाने सेकंदाला सुमारे ८२७ मीटर वेगाने सुटतो. तोफ गुळगुळीत बर्फावर मोकळी उभी असती, तर केवळ या गोळ्याच्या धक्क्याने ती ताशी ३० किलोमीटरच्या वेगाने मागे धावली असती. अभियंत्यांनी यावर उपाय केला तो तोफेच्या बांधणीत. तिची नळी त्यांनी जमिनीच्या अगदी जवळ आणली, म्हणजे धक्क्याची रेषा खाली राहिली आणि तोफ उलटण्याचा धोका घटला. पुढे दोन लांब पाय पसरले. मागचे दोन पाय आपल्या फावड्यांनी जमिनीत रुतून बसतात, आणि पहिल्या एकदोन गोळ्यांनी ते अधिकच घट्ट होतात. नळी मागे सरकते तेव्हा तेल आणि दाबलेला वायू तिचा वेग गिळतात. नळीच्या तोंडाशी असलेली जाळीदार टोपी बाहेर पडणारा वायू आडवा वळवून धक्क्याचा काही भाग हलका करते. ही तोफ गाडीला जोडतात तीही नळीच्या तोंडाकडूनच. ओढण्यासाठी वेगळा दांडा ठेवला तर तितके वजन वाढले असते.

अशा रीतीने जी तोफ तयार झाली तिचा साधा गोळा २४ किलोमीटरपर्यंत, मागे अग्निबाणाची जोड दिलेला गोळा ३० किलोमीटरपर्यंत, आणि उपग्रहांच्या संकेतांवर आपला मार्ग सुधारीत जाणारा एक्सकॅलिबर गोळा सुमारे ४० किलोमीटरपर्यंत जातो. शिकविलेली तुकडी तिला तीनचार मिनिटांत मांडते आणि त्याहून थोड्या वेळात आवरून निघते. २००६ मध्ये कॅनडाच्या सैनिकांनी तिला अफगाणिस्तानात, कंदाहारच्या परिसरात, प्रथम युद्धात वापरले. १८८० मध्ये ज्या दिशेने खेचरांवर तोफा गेल्या, त्याच मुलखात आता त्यांची वारस हेलिकॉप्टरखाली लोंबत जाऊ लागली. गोळा मात्र दहापटीहून जड झाला होता.

भारताने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी अमेरिकेशी १४५ तोफांचा करार केला. किंमत सुमारे ५,००० कोटी रुपये. बोफोर्सनंतर तीस वर्षे भारतीय तोफखान्यासाठी परदेशातून नवी तोफ आली नव्हती. जुन्या वादाच्या धास्तीने निर्णय पुढे पुढे ढकलले गेले होते. पहिल्या २५ तोफा तयार स्वरूपात आणि उरलेल्या १२० भारतातच जोडून घ्यावयाच्या, असे ठरले. मे २०१७ मध्ये पहिल्या दोन तोफा आल्या आणि त्या पोखरणच्या वाळवंटात नेण्यात आल्या.

डोंगरासाठी घेतलेली तोफ वाळवंटात कशासाठी? याचे कारण असे की तोफ जितकी धातूची तितकीच आकड्यांची असते. कोणता गोळा, किती बारूद, नळीचा कोन कोणता आणि हवेची घनता किती, यांवरून गोळा कोठे पडेल याचे तक्ते बनवावे लागतात. भारतीय कारखान्यांतील गोळे आणि बारूद अमेरिकी मालाहून वेगळे; म्हणून तक्तेही नव्याने बनवावयाचे. उंच पहाडात हवा विरळ असल्यामुळे तोच गोळा अधिक दूर जातो. चुकीचा आकडा म्हणजे शत्रूच्या मोर्चाऐवजी आपल्याच पायदळावर पडलेला गोळा. या चाचण्या चालू असताना २ सप्टेंबर २०१७ रोजी एका तोफेच्या नळीत गोळा फुटून नळीची हानी झाली. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. पण चौकशी झाली आणि काम लांबले. अखेर ९ नोव्हेंबर २०१८ रोजी नाशिकजवळील देवळाली येथे, जेथे तोफखान्याची शाळा आहे आणि जेथून भारताच्या गोलंदाजांच्या पिढ्या शिकून गेल्या, तेथे संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांच्या उपस्थितीत ही तोफ सैन्यात दाखल झाली. मार्च २०१९ मध्ये वायुदलात चिनूक हेलिकॉप्टरे आली, आणि तोफेला तिचे खेचर मिळाले. २०२० मध्ये चीनच्या सीमेवर तणाव वाढला तेव्हा लडाखमध्ये, आणि पुढे अरुणाचलात तवांगच्या बाजूला, या तोफा पुढच्या ठाण्यांवर गेल्या.

येथवर ही कथा विजयाची वाटते. परंतु तोफेवरून उतरविलेले वजन कोठे गेले, हेही पाहिले पाहिजे. त्यातील काही भाग खजिन्यावर गेला, कारण टायटॅनियम स्वस्त नाही. काही हेलिकॉप्टरवर गेला. आणि हेलिकॉप्टरची ताकदही विरळ हवेत घटते, त्याला ढग अडवितात, त्याच्यावर शत्रूचा नेम असतो. गोळ्यांचे वजन तर मुळीच उतरले नाही. शंभर गोळ्यांचे वजन ४,३०० किलो, म्हणजे तोफेच्या स्वतःच्या वजनाहून अधिक; बारूद वेगळीच. तोफ एका खेपेत शिखराजवळ पोहोचली तरी ती एका दिवसात जे भक्षण करील ते पोहोचविण्यास अनेक खेपा लागतात. आणि शेवटचा भाग माणसांवर गेला. या तोफेत गोळा भरण्यासाठी आपोआप चालणारे यंत्र नाही. वजन वाचवावयाचे म्हणून ते ठेवलेलेच नाही. ४३ किलोंचा प्रत्येक गोळा माणसांनीच उचलावयाचा.

हे ओझे किती जड असू शकते याचा दाखला सीरियात मिळाला. २०१७ मध्ये रक्का शहराच्या लढाईत अमेरिकी मरीन दलाच्या एका लहान तुकडीने पाच महिन्यांत सुमारे ३५,००० गोळे डागले. दोन तोफांच्या नळ्या झिजून निकामी झाल्या. नळ्या बदलता आल्या. पण त्या तुकडीतील अनेक तरुण घरी परतल्यावर डोकेदुखी, विस्मरण, निद्रानाश आणि भास यांनी ग्रासले गेले. शत्रूचा एकही गोळा न लागता ते जखमी झाले होते. दिवसामागून दिवस स्वतःच्याच तोफेच्या हवेच्या तडाख्याने मेंदूला इजा होते काय, हा प्रश्न २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तांमुळे जगासमोर आला, आणि अमेरिकेच्या लष्कराला त्याची दखल घ्यावी लागली. तोफेच्या धक्क्याचे गणित शतकानुशतके मांडले गेले. तो धक्का शेजारच्या माणसाच्या डोक्यात किती उतरतो, याचे गणित मात्र फार उशिरा सुरू झाले.

दुसरा दाखला युक्रेनचा. २०२२ च्या वसंत ऋतूपासून अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनी मिळून शंभराहून अधिक एम ७७७ तोफा युक्रेनला दिल्या. त्यांचा अचूक मारा तेथे मोलाचा ठरला. परंतु हे युद्ध सपाट मैदानाचे. आकाशात सदैव लहान ड्रोन फिरत असतात. तोफेचा धूर दिसला की काही मिनिटांत उत्तर येते. ओढून न्यावयाच्या तोफेला चिलखत नाही आणि स्वतःचे इंजिन नाही. तिच्याभोवतीची माणसे उघडी असतात. म्हणून गोलंदाज तिला झाडांच्या रांगेत लपवितात, खड्ड्यात उतरवितात, जाळ्यांनी झाकतात. अनेक तोफा तरीही नष्ट झाल्या. अनेक दुरुस्तीसाठी परत न्याव्या लागल्या. उपग्रहांचे संकेत बिघडविण्याची विद्या रशियाने वापरली तेव्हा एक्सकॅलिबर गोळ्याची अचूकताही खूप घटली. डोंगरासाठी जो गुण, तोच मैदानात उणीव ठरू शकतो, हे त्या युद्धाने दाखविले.

म्हणून एकाच प्रकारची तोफ घेऊन कोणत्याही मोठ्या देशाचे भागत नाही. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नव्या १५५ मिलिमीटर तोफेचे वजन सुमारे १८ टन आहे आणि तिचा पल्ला ४५ किलोमीटरांच्याही पुढे जातो. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा करार झाला आणि त्यांतील मोठा वाटा पुण्याच्याच भारत फोर्ज कारखान्याकडे आला. रस्ता असेल तेथे ही भारी तोफ अधिक दूर मारील. रस्ता संपेल तेथे हलकी तोफ पुढे जाईल. पानिपतावर मराठ्यांपाशी जड तोफा होत्या आणि अबदालीपाशी दोन्ही प्रकारच्या होत्या, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सीमेवरच्या एखाद्या ठाण्यावर चिनूक तोफ ठेवून परत जाते, तेव्हा तिच्याजवळ सात-आठ माणसे उरतात. चार हजार मीटर उंचीवर दहा पावले चालले तरी दम लागतो. तेथे ही माणसे पाय पसरून तोफ रोवतात, तक्ता उघडतात आणि गोळ्यांचा ढीग बर्फापासून झाकून ठेवतात. दीडशे वर्षांत तोफेची खेचरे गेली, स्क्रू गेला, पोलादाचे टायटॅनियम झाले. गोळा उचलणारे हात मात्र तेच राहिले आहेत. आणि तोफ हलकी करताना त्या हातांचे, त्या कानांचे आणि त्या मस्तकांचे ओझेही मोजले गेले पाहिजे.